मिठाला जागा

ठाण्याच्या खाडीचं नशीब जोरावर आहे. 2015 साली ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 साली पाणथळ जागांच्या रामसर या जागतिक यादीत गेली. त्या यादीत महाराष्ट्राची नावं जेमतेम तीन: नांदूर मधमेश्वर, लोणार आणि आपली ही. मोलाची जमीन ओळखण्याचं काम झालं म्हणायचं. खाडीकाठच्या आम्हा कोपरीकरांनी आता खुशाल झोपावं.

फक्त एक बारीकशी भानगड आहे. ओळख पटली ती खाडीची, काठच्या मिठागराची नव्हे. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्या. का, तर त्या माणसाने केलेल्या. मग नांदूर मधमेश्वर काय आभाळातून पडलं? गोदावरीवर बंधारा घातला, गाळ साठला, पाखरं आली, रामसरचा मान मिळाला. त्यांचा बंधारा तो वारसा, आमच्या आगरांचे बांध म्हणजे मोकळा प्लॉट!

पाखरांना हे नियम कुणी वाचून दाखवलेले नाहीत. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो आणि चिखलात चरणारी पाखरं टेकायला मिठागरात येतात. म्हणजे ओहोटीला ती कायद्याच्या संरक्षणात आणि भरतीला बेवारस.

कोपरीत मीठबंदर रोड आहे. रिक्षावाल्याला नाव सांगा, बरोबर नेऊन सोडतो. आम्ही वारसा असाच जपतो, पाटीवर. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, खाडीत काय काय मिळायचं ते. ऐकता ऐकता जेवणाची वेळ होईल. खाडीकाठच्या तिवरांचं म्हणाल तर उच्च न्यायालयाने 2018 साली त्यांच्या तोडीवर बंदी घातली, भोवती पन्नास मीटर जागा राखायला सांगितली. पण तिवर मारायला कोयता लागतो कुठे? भरतीचं पाणी अडवलं की ती आपोआप वाळतात. डेब्रिजचे चार डंपर पुरतात, आणि डंपर रात्रीचा दिसत नाही, हे तर शास्त्रच आहे.

आता टोलनाक्यापलीकडची, मुंबईच्या हद्दीतली गंमत. 30 सप्टेंबर 2024 ला राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या मिठागरांची 255.9 एकर जमीन धारावी पुनर्वसनासाठी घ्यायला मंजुरी दिली. तीन मिठागरं: जमास्प, आर्थर, जेनकिन्स. त्यातलं जमास्प मुलुंडचं, म्हणजे आमचं शेजारीच. बैठकीच्या वेळी मुख्यमंत्री कोण? कोपरी-पाचपाखाडीचे आमदार! इतक्या जवळून पाहिलेली जमीन मोलाची आहे हे त्यांना ओळखता आलं नाही, असं कोण म्हणेल? ओळखलीच की. एकराच्या हिशेबात.

धारावीकरांना घरं मिळायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण धारावी तरी कशावर उभी आहे? खाडीकाठची दलदल भरून ती वस्ती झाली, आणि पावसाळ्यात मिठी नदी अधूनमधून तिथे आपली जुनी जागा बघायला येते. त्याच माणसांना उचलून पुन्हा सखल, खाऱ्या जमिनीवर नेऊन ठेवायचं. मुलुंडचं मिठागर भरलं की भरतीच्या वेळचं पावसाचं पाणी कुठे जाणार, असं आमच्या कोपरीत लोक विचारतात. विचारू देत. पाणी उपसायच्या पंपांची निविदा त्याच फायलीत मागच्या पानावर असेल.