ऋषीचं कूळ, हिऱ्याचं मूळ

पुतणीचा साखरपुडा ठरला. मुलगा पसंत, त्याच्या घरचे पसंत, कार्यालय पसंत, जेवणातली अळूची भाजीदेखील एकमताने मंजूर. घोडं अडलं ते अंगठीतल्या हिऱ्यापाशी.

"आम्ही लॅबग्रोन घेतोय," पुतणी म्हणाली.

आत्याने जपमाळ थांबवली. "कुठला गं तो?"

"सुरतेचा."

"अगंबाई, गुजराती!"

आत्याचा दोष नाही. मूळ गाव कुठलं, आजोळ कुठलं, मागे कुणाला काही होतं का, एवढं विचारल्याशिवाय आमच्या घरात मांजरही पाळत नाहीत. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं शहाणे लोक सांगून गेले. हिऱ्याचं नाव घ्यायचं तेवढं राहून गेलं, आणि त्याच फटीतून अख्खा व्यापार आत शिरला.

मग आम्ही सगळे वऱ्हाडासारखे लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीत दाखल झालो. विक्रेत्याने मखमली तबकात दोन खडे ठेवले, एक खाणीतला, एक लॅबमधला. दोघांचं वजन एक कॅरेट, म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. दोघांनाही तितकेच पैलू, तितकीच चमक. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, शेवटी वहिनीचा चष्मा मागून घेतला.

"फरक कशात आहे?"

"किमतीत, साहेब."

एकाची किंमत जुन्या स्कूटरची, दुसऱ्याची नव्या मोटारीची. मोटारवाल्याचं घराणं तो सांगू लागला. वय शंभर कोटी वर्षांच्या पुढे. जन्म जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर. तिथून ज्वालामुखीने उचलून वर आणलं. सूर थेट आमच्या नानांचा: "आमचा वाडा पेशवाईतला बरं!" वाड्यात संडास नव्हता हे नाना सांगत नसत, तशी या घराण्यातलीही एक गोष्ट तबकात येत नाही. सिएरा लिओन आणि अंगोलातल्या यादवीत याच खानदानी खड्यांच्या बदल्यात बंदुका आल्या. रक्ताचे हिरे वेगळे काढायला जगाला २००३ मध्ये 'किंबर्ली प्रोसेस' नावाची दाखल्यांची पद्धत सुरू करावी लागली. घराणं जुनं असलं की खणल्यावर काहीतरी निघतंच. इथे तर खणणं हाच धंदा.

स्कूटरवाल्याचा जन्म सांगताना मात्र त्याने आवाज खाली आणला; नात्यात कुणी परस्पर लग्न केलं की सांगतात तसा. हिऱ्याचीच पातळ चकती घ्यायची. बंद पात्रात ठेवायची. मिथेन आणि हायड्रोजन सोडून मायक्रोवेव्हने तापवायचं. चकतीवर कार्बनचे थर बसत जातात. काही आठवड्यांत हिरा तयार.

"म्हणजे विरजण की!" आत्या म्हणाली. "हिऱ्याला हिऱ्याचंच विरजण. मग लागतं ते दहीच. त्याला खोटं कशाला म्हणायचं?"

अमेरिकेच्या व्यापार आयोगाला हे उमगायला २०१८ उजाडलं. तेव्हा कुठे त्यांनी हिऱ्याच्या व्याख्येतला 'नैसर्गिक' हा शब्द खोडला.

त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. डी बिअर्स म्हणजे खाणीतल्या हिऱ्यांचं सगळ्यांत थोर घराणं. 'हिरा म्हणजे कायमचा' हा मंत्र त्यांच्यासाठी १९४७ मध्ये फ्रान्सेस गेरेटी या जाहिरात लिहिणाऱ्या बाईंनी रचला. त्या स्वतः अविवाहित राहिल्या. धंदा आतून पाहिलेलं माणूस सावध असतं. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने हिरा जाळून त्याचा वायू करून दाखवला होता १७७२ मध्येच, पण जाहिरातीला रसायनशास्त्राचा विटाळ असतो. तर या इनामदारांनी २०१८ मध्ये 'लाइटबॉक्स' नावाने चक्क खाणावळ उघडली. प्रयोगशाळेतले हिरे, कॅरेटला सरसकट ८०० डॉलर. पुढे भाव असे घसरले, की २०२५ मध्ये खाणावळ बंद करत असल्याचं जाहीर करून इनामदार पुन्हा ओसरीवर येऊन बसले. आमच्यात असलं चालत नाही म्हणे.

त्याच साली हिऱ्यांना प्रमाणपत्रं देणाऱ्या 'जीआयए' या अमेरिकी संस्थेने प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना रंग आणि शुद्धतेचे बारीक दर्जे देणं थांबवायचं ठरवलं. का, तर बहुतेक सगळेच वरच्या वर्गात येतात. आता नुसतं 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड'. आपल्या दहावीच्या निकालासारखं झालं. सगळ्यांनाच नव्वद टक्के पडायला लागले, की नव्वद टक्क्यांना कुणी विचारत नाही आणि जुना प्रश्न परत येतो: "पण मुलगा कुणाचा?"

इथे भाऊंनी हुकमाचं पान टाकलं. "पंतप्रधान मोदींनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नीला, जिल बायडेनबाईंना, कुठला हिरा दिला? साडेसात कॅरेटचा, लॅबमधलाच!" खरं आहे. अमेरिकेच्या सरकारी यादीत त्याची किंमत २० हजार डॉलर लावली आहे. फक्त तो बाईंना घरी नेता आला नाही. तिकडे असला आहेर सरकारजमा होतो. हा नियम आपल्या लग्नांत आणला, तर निम्मे पाहुणे पत्रिकाच परत करतील.

एवढा वेळ गप्प असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हा पहिला कामाचा प्रश्न विचारला. "मोडीला किती येतील?"

विक्रेता खोकला. सोनं अडीनडीला मोडता येतं. पाटल्या गहाण टाकून आमच्या दोन पिढ्या शिकल्या. खाणीतला हिरा परत नेला, तर दुकानदार वजावटीची अशी यादी काढतो, की आपणच त्याचं देणं लागतो की काय असं वाटावं. आणि लॅबमधला? त्यावर तो नुसता हसला. आपण जुना मोबाइल विकायला काढला की पोरं हसतात, तसं. 'कायमचा' या शब्दाचा खरा अर्थ तेव्हा कळला: कायमचा तुमच्याकडेच.

"पण काका, हा हिरवा हिरा आहे," पुतणी म्हणाली. "पर्यावरणाला त्रास नाही."

मी विजेचा विषय काढला. पात्र तापवायला वीज लागते, आपल्याकडची बहुतेक वीज कोळशावर होते, आणि कोळसाही शेवटी कार्बनच. म्हणजे कार्बनचा कार्बन करायला कार्बन जाळायचा. पुतणीने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तरुण पिढीचा हा गुण हिऱ्याइतकाच कठीण.

खरी मौज यापुढे आहे. खाणीतला काय नि पात्रातला काय, जगातल्या दहातल्या नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते त्या 'गुजराती' सुरतेतच. तबकातले दोघे कदाचित एकाच घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, घासले गेले असतील. त्या घंटीपुढे पाठ वाकवून बसलेल्या रत्नकलाकाराला हिऱ्याचं कूळ विचारा. मंदीत त्याला पहिला घरी बसवतात, त्यामुळे तो उलट तुम्हालाच विचारेल, मजुरी कधी मिळेल?

दुपार कलली. विक्रेत्याने शेवटचा उपाय म्हणून कपाटातलं यंत्र बाहेर काढलं. डोळ्यांना, भिंगाला जे कळत नाही, ते याला कळतं: जमिनीतला, लॅबमधला की नुसती काच. विश्वास बसावा म्हणून त्याने आत्याच्या कानांकडे बोट दाखवलं.

"आजी, तुमच्या कुड्या जुन्या दिसतात. द्या, आत्ता तपासून देतो. फुकट."

त्या कुड्या तिच्या सासूबाईंनी घातलेल्या. साठ वर्षं त्यांच्या जिवावर आत्याने घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं, जावयाचं आणि मघाशी सुरतेच्या त्या खड्याचंही कूळ विचारलं. आत्या यंत्राकडे पाहत राहिली. मग पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "ऋषीचं कूळ विचारू नये." आणि पुतणीकडे वळून म्हणाली, "तुला आवडेल तो घे गं. दही काय, दहीच."