थोडं काम आहे

पद्मिनी विकणे आहे. मॉडेल 1987, सिंगल ओनर, रंग पांढरा (जिथे उरलाय तिथे). थोडं काम आहे.

‘थोडं काम’ म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून रस्ता दिसू लागलाय. जाहिरातीत मी ‘हवेशीर’ लिहिलं होतं, बायकोने खोडलं.

खरं तर आशा लागली ती ऑक्टोबर 2023 मध्ये. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि अख्खं शहर हळवं झालं. स्टिअरिंगला चिकटलेला गिअर, कुर्ल्याचा कारखाना, मागच्या सीटवर जमलेली प्रेमं... सगळे रडले. म्हटलं, हीच वेळ! रडणाऱ्यांपैकी चौघांना फोन केले. चौघांकडेही पार्किंग नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, व्हिंटेज म्हणून विका. पण सरकारी नियमाने व्हिंटेज व्हायला गाडीची पन्नाशी उलटावी लागते. म्हणजे 2037 पर्यंत आमची नुसतीच जुनी. आणि तीही मुळात होती तशीच हवी, फार डागडुजी केलेली नको. या एका अटीत मात्र आम्ही बसतो. डागडुजी आम्ही कधी केलीच नाही.

गिऱ्हाइकं येतात. एक तरुण आत बसला आणि दोन सीटच्या मधे गिअर चाचपत राहिला. सगळ्यात चांगला भाव दिला एका मालिकावाल्याने. गाडी चालू होत नाही हे ऐकून तो उलट खूश! ‘चालवायची कुठे आहे? जाळायचीय.’ मी म्हटलं, अहो, आमच्या वडिलांची गाडी आहे. तो क्षणभर गंभीर झाला. ‘मग शेवटच्या भागात जाळू.’

उरलं आरटीओ. पासिंग 2022 ला संपलं. पासिंग असल्याशिवाय कोणी घेत नाही. पासिंगसाठी गाडी तपासणीला न्यायची, म्हणजे चालू करायची, म्हणजे कार्ब्युरेटर, ब्रेक, पत्राकाम. शिवाय पर्यावरण कर. एवढे पैसे कुठून आणायचे? गाडी विकून. आमचे गॅरेजवाले मामा म्हणतात, ‘साहेब, फक्त इंजिन, बॉडी आणि वायरिंगचं बघू, बाकी गाडी ओके आहे.’ बाकी म्हणजे हॉर्न असावा.

परवा एक सज्जन आले. बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, अगदी डिकीतली स्टेपनीही दाबून पाहिली. गाडीबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. एवढा सभ्य माणूस मला धोकादायक वाटू लागला. शेवटी त्यांनी विचारलं, ‘विकताय कशासाठी?’

‘जागा हवीय हो. दुसरी गाडी बघून ठेवलीय.’

‘नवी?’

‘नवी नाही, 2009 ची. मालक भला माणूस आहे. थोडंच काम आहे म्हणाला.’