मीटरवर खासदार

निवडणूक जवळ आली की खासदारांचं प्रगतिपुस्तक निघतं. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चा इतक्या. आकडा दांडगा असला की नाक्यावर फ्लेक्स. भिवंडीला हा हिशेब नवा नाही. इथला लूम कारागीर मजुरी मीटरवरच घेतो. फक्त त्याचा तागा सेठ उलगडून बघतो आणि डाग निघाला की पैसे कापतो. खासदाराचा तागा कोण उलगडणार?

आपणच उलगडू. लोकसभेत दिवसाला 250 प्रश्न लागतात. त्यातले तारांकित 20, आणि त्यांतलेही मोजकेच तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. बाकीच्यांची उत्तरं छापील. एकाच प्रश्नावर कधी पाच-सहा खासदारांची नावं असतात. जमा मात्र प्रत्येकाच्या खात्यावर. आणि उत्तर अनेकदा ठरलेलं: माहिती गोळा केली जात आहे, पटलावर ठेवू. गंमत म्हणजे हे वाक्य संसदेत आश्वासन धरतात. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, त्यावर नजर ठेवायला समितीही आहे. पण त्या आश्वासनाच्या मागे कोण लागलं, याचा रकाना प्रगतिपुस्तकात नाही.

भिवंडीचं पुस्तक तर आणखी मजेशीर. 2009 साली इथली पहिली लोकसभा निवडणूक झाली. तेव्हा सुरेश टावरे, मग दोनदा कपिल पाटील, 2024 पासून सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा. पाटील जुलै 2021 मध्ये पंचायत राज खात्याचे राज्यमंत्री झाले. मंत्री हजेरीपटावर सही करत नाही, सरकारला प्रश्नही विचारत नाही; तोच सरकार. नियमच तसा, पाटलांचा काय दोष! पण तीनेक वर्षं भिवंडीचा रकाना कोरा राहिला. मंत्रिपदाने खासदाराचे प्रश्न संपले. सुताचे भाव, विजेचं बिल आणि माणकोली नाक्यावरची कंटेनरची रांग यांना मात्र शपथविधीची खबर लागली नाही.

एक प्रश्न सुचवतो, फुकट. यंत्रमागासाठीची 'पॉवरटेक्स इंडिया' योजना 1 एप्रिल 2017 रोजी भिवंडीतूनच सुरू झाली, वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी यांच्या हस्ते. तिचे किती रुपये इथल्या साध्या मागांपर्यंत पोचले? उत्तर अर्धवट आलं तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा तेच विचारायचं, शब्द बदलून. कारण एकदा उत्तर दिलेला प्रश्न जसाच्या तसा घेत नाहीत. मग त्या आश्वासनांच्या समितीचं दार वाजवायचं. एवढ्या खटपटीचे प्रगतिपुस्तकात प्रश्न भरतील दोन किंवा तीन.

फ्लेक्सवर हा आकडा फार बारीक दिसतो, कबूल. तेव्हा तो छापूच नका, साहेब. खर्च वाचेल. मत मागायला याल तेव्हा एवढंच सांगा: प्रश्न किती विचारलेत ते राहू द्या, उत्तर कुठलं आणलंत?