स्वर्गवासी आवृत्तीचं गिऱ्हाईक

वर्डप्रेसची प्लगइन विकणाऱ्यांपुढे एक धार्मिक पेच असतो: गेलेल्या आवृत्तीचं श्राद्ध किती वर्षं घालायचं?

वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय, त्या पीएचपीची ५.२ ही आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये अधिकृतपणे निवर्तली. वर्डप्रेसने तिचं पान २०१९ पर्यंत मांडून ठेवलं. त्या मे महिन्यात किमान अट ५.६ वर गेली खरी, पण ती ५.६ सुद्धा ३१ डिसेंबर २०१८ लाच गेलेली! म्हणजे पितर बदलले, एवढंच.

विक्रेत्याने काय करावं? जुनीला सांभाळायचं तर भाषेतल्या नव्या सोयी विसरायच्या, आणि प्रत्येक बदल चार-पाच आवृत्त्यांवर तपासायचा. सोडून द्यावी, तर परीक्षणात एक तारा देणारे टपलेलेच. त्यातल्या बहुतेकांना आपल्या होस्टिंगवर कोणती पीएचपी आहे, याचा पत्ता नसतो. ‘काल तर चालत होतं’ एवढंच ठाऊक.

एसईओचं प्लगइन बनवणाऱ्या योस्टने २०१७ मध्ये धीटपणा केला. ५.२ वाल्यांच्या डॅशबोर्डवर भलीमोठी सूचना झळकवली: पीएचपी बदला, होस्टिंगवाल्याला गाठा. लाखो साइट्सवर ठाण मांडलेल्याला असा दरारा शोभतो. किरकोळ दुकानदाराने तोच बाणा दाखवला, की होस्टिंगवाल्याआधी गिऱ्हाईक त्यालाच गाठतं, पैसे परत मागायला.