शिकाऊ रिमोट

सारोळ्यात एखाद्या घराची ऐपत काढायची तर सातबारा बघू नये, टीपॉयवरचे रिमोट मोजावेत. टीव्हीचा एक, छत्रीच्या डब्याचा एक, होम थेटरचा एक, एसीचा एक आणि यंत्र केव्हाच भंगारात गेलं तरी टाकवत नाही म्हणून ठेवलेला डीव्हीडीचा एक. प्रत्येकाला प्लॅस्टिकची पिशवी, वर रबर. आमच्या आईने तर रबरांच्या रंगावरून खातेवाटप केलं होतं: लाल आवाजाचा, हिरवा चॅनेलचा. रबर तुटला की मालिकेची पहिली पाच मिनिटं गेलीच.

या खातेवाटपावर पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याने उपाय आणला. आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या काठावर. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळ. शिरवळला जनावरांच्या डॉक्टरांचं सरकारी कॉलेज आहे, त्यामुळे म्हशीचं पोट बिघडलं तर फारशी चिंता नसते. रिमोटच्या दुखण्याला मात्र महामार्ग धरून थेट बुधवार पेठेतली तपकीर गल्लीच गाठावी लागते. तिथूनच त्याने हा शिकाऊ रिमोट आणला.

"आजी, सगळ्यांचं काम हा एकटा करतो. फक्त त्याला शिकवावं लागतं."

"शिकवायचं? आपल्या घरात कोणाला येतंय?" आई म्हणाली.

शिकवणी तशी सोपी असते. नव्या रिमोटवरचं सेटचं बटण दाबून धरायचं. लाल दिवा लागला की जे बटण शिकवायचं ते दाबायचं. मग जुना रिमोट त्याच्या तोंडासमोर चार बोटांवर धरून मूळचं बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की धडा झाला.

पण "तो शिकतोय" एवढं कानावर पडलं आणि घर चिडीचूप झालं. बायकोने मिक्सर बंद केला. आईने कुकरखालचा गॅस बारीक केला. माझ्या दहावीच्या वर्षीही ज्यांनी रेडिओचा कान पिळला नाही ते अण्णा चक्क कुजबुजायला लागले. पुतण्या सांगून दमला की रिमोटला कान नसतात. जुन्या रिमोटच्या टोकाचा दिवा सेकंदाला साधारण 38,000 वेळा उघडमीट करतो, त्या झोताचे लहानमोठे तुकडे पडतात आणि नवा रिमोट ते तुकडे तसेच्या तसे टिपून घेतो. प्रकाश इन्फ्रारेड, म्हणून आपल्याला दिसत नाही. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र बहुधा जांभळट ठिपका दिसतो. तो बघितल्यावर अण्णांनी सगळ्या रिमोटांची आरोग्य तपासणीच काढली. त्यात सर्वांत ठणठणीत निघाला तो डीव्हीडीचा. "आणि तू म्हणत होतास टाकून द्या!"

ओटीवर शिकवणी जमेना, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि त्याने या विद्यार्थ्याचे डोळे दिपतात. मग मुक्काम माजघरात हलला. तिथे शिकायला बसलेल्याला आईने कुंकवाचं बोट लावलं, ते नेमकं त्याच्या टिपणाऱ्या डोळ्यावर. ते पुसल्यावर पहिला धडा पार पडला.

उन्हाचा हा जाच जुनाच आहे. 1955 साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पोली यांनी टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट काढला. तो म्हणजे एक बॅटरीच होती. टीव्हीच्या चार कोपऱ्यांपैकी एकावर झोत मारायचा. घरात ऊन आलं की टीव्हीला वाटे मालकांनीच हुकूम सोडला. आणि पुढे ॲपलचे स्टीव्ह वॉझ्नियाक, पैसा आणि नाव दोन्ही पदरात पडल्यावर करत काय बसले? शिकणारा रिमोट! 1987 साली तो बाजारात आणला. म्हणजे टीपॉयवरच्या गर्दीने मोठमोठ्यांची झोप उडवली होती.

पण हा विद्यार्थी पक्का घोकंपट्टीवाला. अर्थ कळत नाही, पाठांतर चोख. एसीच्या बाबतीत हे उघडं पडलं. एसीचा रिमोट "एक डिग्री वाढव" असं सांगतच नाही. तो दर वेळी सगळी हकीकत नव्याने कळवतो: चालू, गारवा, पंखा मध्यम, 25. नव्या रिमोटने तेवढंच पाठ केलं. अण्णा अधिकचं बटण दाबत राहिले आणि एसी 25वर ठाम. घोंगडी घेऊन बसले, पण दाबायचे थांबले नाहीत.

खरी मजा आली ती "एका बटणात सगळं" या सोयीने. पुतण्याने टीव्ही, डबा आणि थेटर यांची चालू-बंदची बटणं एका माळेत ओवून दिली. त्यात मेख अशी की बहुतेक यंत्रांत चालू आणि बंद यांचा इशारा एकच असतो. कोण जागं आहे आणि कोण झोपलंय, हे रिमोटला कळत नाही. आईने थेटर न लावता टीव्ही बघायला घेतला होता. बायकोने येऊन ते जादूचं बटण दाबलं. टीव्ही झोपला, डबा झोपला आणि थेटर निळे दिवे नाचवत उठून बसलं. पुन्हा दाबलं, तर चित्र आलं आणि थेटर गेलं. परत दाबलं, परत उलटं; आणखी एकदा दाबलं, परत चित्र. पुतण्या बाजू सावरायला म्हणाला, "काकू, दोष रिमोटचा नाही." बायको उठली, थेटरचं बटण बोटाने दाबलं आणि मालिका बघायला बसली.

पुतण्याची टीव्हीला खोचायची नेटची काडी या शाळेत आलीच नाही. तिचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो, तिथे टिपायला उजेडच नसतो. म्हणून टीपॉयवर आता दोन रिमोट आहेत, आणि हे मी प्रगतीच मानतो.

तुम्हीही आणणार असाल तर दुकानात रंगरूप बघू नका. सेल काढल्यावर शिकवलेलं लक्षात राहतं का, एवढं समोर सेल काढून दाखवायला सांगा. आणि थेटरचं बटण त्या माळेत ओवू नका.