उघड्या गिटारचा धनी

प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक माणूस असा असतो, ज्याची गिटार वाजताना फारशी कोणी ऐकलेली नसते, पण आतून सगळ्यांनी पाहिलेली असते. हिंगोली जिल्ह्यातलं हट्टा घ्या किंवा शेजारचं वसमत. उन्हाळ्यात हळदीचा पैसा हाती येतो, लग्नं निघतात आणि लग्नांबरोबर बँजो, कीबोर्ड, गिटारही निघते. बाकीचे वादक तालमीला बसतात तेव्हा हा स्क्रू काढत बसतो. खिशात टेस्टर, कानामागे सोल्डरच्या तारेचा तुकडा. गाण्याचं विचारलं तर म्हणतो, ‘‘आधी पिकअप तर बदलू द्या!’’ पिकअप बदलतो, मग पॉट, म्हणजे आवाजाची फिरती बटणं, खुपतात. पॉट बदलतो, मग वायर जुनी वाटायला लागते. सुपारीची तारीख उजाडते तेव्हा गिटारची पाठ उघडी असते आणि त्या दिवशी कीबोर्डवाला त्याचे सूर भागवून नेतो.

अशा माणसाला लोक रिकामटेकडा म्हणतात. मला ते पटत नाही. लिओ फेंडर १९३८पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. गिटार वाजवायला तो जन्मभर शिकला नाही, तरी १९५४ची स्ट्रॅटोकास्टर गिटार त्याच्याच कारखान्यातून निघाली. तेव्हा वाजवता येत नाही हा आक्षेप बाद. ‘आवाज बोटांत असतो, पार्टात नाही,’ हा दुसरा आक्षेप वजनदार आहे, पण अर्धाच खरा. दुरुस्तीच्या दुकानात जुन्या अँप्लिफायरचा १० के (किलो-ओहम) व्हॉल्यूम पॉट पडलेला असतो. तो काढून गिटारला लावा आणि मग कितीही मोठ्या उस्तादाची बोटं आणा, आवाज गोधडीखालून आल्यासारखाच येणार. कारण पिकअपमधून येणारा अशक्त सिग्नल, त्यातही वरचे सूर, एवढ्या कमी रेझिस्टन्समधून थेट ग्राउंडला वाहून जातो. म्हणूनच सिंगल कॉइल पिकअपला साधारण २५० के आणि हंबकर पिकअपला ५०० के पॉट लावायची रीत पडली. हे आपल्या मिस्त्रीला तोंडपाठ असतं, आणि इथे तो शंभर टक्के बरोबर असतो.

त्याचं चुकतं ते क्रमात. जिथे फरक सगळ्यांत कमी आणि खर्च सगळ्यांत जास्त, तिथून तो सुरुवात करतो. टोनसाठी परदेशी कपॅसिटर मागवतो. ०.०२२ की ०.०४७ मायक्रोफॅरड, यावर चहाचे चार कप संपतात. आता हा कपॅसिटर ऐकू येतो तो टोनचं बटण खाली आणल्यावर, आणि याचं बटण तर कायम दहावर! पुढे गुणगुण सुरू होते. मग तांब्याची टेप आणून पोकळी आतून मढवतो. टेपने खरखर थोडी दबते, पण ५० हर्ट्झचं चुंबकीय गुंजन टेपला जुमानत नाही. त्यासाठी दोन उलट कॉइलचा हंबकर लागतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता तो हाच. हंबकरही येतो. तरी स्टेजवर बटण दाबलं की ‘भुंऽऽऽ’ चालूच.

कारण दोष गिटारमध्ये नसतोच, तो बोर्डात असतो. सॉकेटचं वरचं मोठं भोक दिसायला असतं, पण त्यामागे तार नसते, किंवा तार असते आणि ती जमिनीपर्यंत पोचलेली नसते. अर्थिंग नसलं की अँपची बॉडी अधांतरी राहते, तारांना बोट लागलं की मुंग्या येतात आणि गाणाऱ्याचा ओठ माईकला टेकला की झटका बसतो. ‘वरातीच्या जनरेटरला अर्थिंग कुठून आणायचं?’ असं कोणी म्हणेल. चालत्या गाडीला अर्थिंगचा खड्डा खणता येत नाही हे मान्य. पण मंडपात, गणपतीच्या स्टेजवर, शाळेच्या गॅदरिंगला येतो की! तरी तो खणला जात नाही, कारण खड्डा खणणं हे गवंड्याचं आणि वायरमनचं काम, त्यात अपग्रेड म्हणून मिरवण्यासारखं काही नाही. शिवाय त्याचं पार्सल येत नाही, त्यामुळे ते उघडून चार माणसांत दाखवताही येत नाही.

तुमच्या गावात असा मिस्त्री असेल तर त्याची चेष्टा करू नका, त्याचा हात चांगला असतो. फक्त पुढचं पार्सल मागवण्याआधी वायरमनला बोलावून स्टेजचं अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. आणि सुपारीच्या आदल्या रात्री स्क्रू-ड्रायव्हर काढून घ्या.