गुन्हा बदलून मिळेल

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला भरधाव गाडी चालवल्याबद्दल आयुष्यातलं पहिलं तिकीट मिळालं, की त्याच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: वकील करावा का? आपण खरोखरच भरधाव होतो का, हा प्रश्न उभा राहत नाही. तो बसून असतो, आणि कोणी त्याला उठवतही नाही.

आमच्या भाच्याच्या तिकिटावर कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सांगलीपासून सॅन होजेपर्यंत जी चर्चा झाली, ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली आहे. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीतही आमच्या घराण्याने इतकं डोकं लावलं नव्हतं. हकिगत एवढीच: एडिसनजवळचं एक गाव, 35 मैलांची मर्यादा असलेला रस्ता, भाच्याची गाडी 53 मैलांवर, आणि झुडपामागे पोलीस.

त्या झुडपाला कायद्याने किंमत आणलेली आहे. वेग पकडणारे कॅमेरे लावायला न्यू जर्सीत कायद्यानेच मनाई आहे. सिग्नल तोडणाऱ्यांसाठी काही गावांत कॅमेरे लावून पाहिले होते, तेही 2014च्या अखेरीस बंद झाले. म्हणजे तिथे गुन्हा घडायचा तर हाडामांसाचा पोलीस लागतो, आणि पोलिसाला लपायला झुडूप लागतं. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खांबावरचा यंत्राचा डोळा गाडी टिपतो आणि मालक लोणावळ्याला वडापाव खात असतानाच मोबाईलवर दोन हजारांचं ई-चलान येतं. त्यात ना संवाद, ना नाट्य. आमच्या भाच्याला निदान 'सर' म्हणून हाक तरी मिळाली.

पोलिसाने खिडकीशी वाकून विचारलं, "तुम्हाला का थांबवलं, काही कल्पना?" भाच्यावर घरचे संस्कार. चूक झाली की आधी माफी, मग कारण. तो म्हणाला, "सॉरी सर, मीटिंगला उशीर होत होता, स्पीड जरा जास्तच झाला." पुढे वकिलाने हे ऐकलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला म्हणे. त्या देशात लोक एरवी कोपर लागलं तरी दहा वेळा सॉरी म्हणतात, पण पोलिसाला सॉरी म्हणणं म्हणजे कबुलीजबाब. आम्ही मुलाला चांगल्या सवयी लावल्या आणि त्याच फिर्यादी पक्षाच्या उपयोगी पडल्या.

तिकीट गुलाबी, पिवळं की पांढरं यावरही ग्रुपमध्ये थोडी चर्चा झाली, ती सोडून देतो. खरी खळबळ उडाली ती पॉइंटांमुळे. मर्यादेपेक्षा 14 मैलांपर्यंत जास्त असाल तर परवान्यावर दोन पॉइंट, 15 ते 29 मैल जास्त असाल तर चार, त्याच्या पुढे पाच. बारा झाले की परवाना निलंबित. भाच्याला चार मिळणार हे कळल्यावर त्याच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, जुन्या सवयीने विचारलं, "कितीपैकी?" बारापैकी, असं उत्तर आलं तेव्हा ती गप्पच झाली. त्याने दहावीला गणितात गमावलेले दोन गुण तिला अजून सलतात. इथे मिळालेले चार कसे घालवायचे यासाठी पैसे मोजावे लागणार, ही कल्पना तिच्या पचनी पडायला वेळ लागला.

तोपर्यंत घरी पत्रं येऊ लागली. तिकिटाची नोंद सरकारी दप्तरात गेली, की ती पाहून वकिलांची कचेरी कामाला लागते. पाकिटावर 'जाहिरात' असं छापलेलं, आत मात्र थेट भाच्याच्या नावाने विचारपूस. आपल्यावर ओढवलेल्या प्रसंगाची आम्हाला जाणीव आहे. आपण एकटे नाही. दंड भरण्यापूर्वी कृपया आम्हाला फोन करा. सख्ख्या काकाचा फोन यायच्या आत ही पत्रं आली होती. ताईने त्यांचे फोटो पाहिले आणि तिला भरून आलं. परक्या मुलखात माणसं किती काळजी करतात!

मग अप्पांनी सूत्रं हातात घेतली. अप्पा म्हणजे आमचे थोरले मेहुणे, राहणार कोथरूड. त्यांच्या गाडीवरची चलानं लोकअदालतीची तारीख पाहत धूळ खात पडली आहेत. सरकार कधीतरी निम्म्यात तडजोड करेल यावर त्यांची जी श्रद्धा आहे, ती वारकऱ्यालाही लाजवील. त्यांनी पहिलाच प्रश्न मुद्द्याचा टाकला: "तिथे ओळख नाही का कुणाची?"

भाच्याने त्यांना कायद्याचं राज्य म्हणजे काय हे समजावून सांगितलं. परदेशात नोकरीला लागलेली मुलं हे फार तळमळीने समजावतात. अमेरिकेत ओळख-बिळख चालत नाही, सगळे कायद्यापुढे समान, वगैरे. अप्पांनी अंगठा दाखवून संदेश पोचल्याचं कळवलं. दुसऱ्याच दिवशी भाच्याच्या कचेरीतल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने सहज विचारलं, "तुझ्याकडे पीबीए कार्ड नव्हतं का?"

हे कार्ड म्हणजे पोलिसांच्या संघटनेने छापलेलं एक लहानसं ओळखपत्र. संघटनेच्या सभासद पोलिसाने ते आपल्या बायकोला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला, दाढी करणाऱ्याला द्यायचं. पुढे कधी गाडी अडवली, तर परवान्याबरोबर हेही हळूच पुढे करायचं. कार्ड पाहून सोडलंच पाहिजे असा नियम कुठेच लिहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या एका वाहतूक पोलिसाने मात्र 2023 साली कोर्टात दावा लावला, की कार्डवाल्यांनाही तिकिटं फाडली म्हणून मला वरिष्ठांनी त्रास दिला. पुढच्या वर्षी शहराने त्याला 1,75,000 डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ही कार्डं आजही पाकिटापाकिटांत आहेत.

अप्पांना हे समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहायला मी समोर नव्हतो याची खंत आहे. त्यांनी एकच ओळ लिहिली: "छापील वशिला! आपण अजून तोंडीच आहोत." आणि खाली अमेरिकेचा झेंडा.

हसून झाल्यावर काकूंनी व्हिसाचा विषय काढला आणि ग्रुप थंड पडला. भाचा एच-वन-बीवर आहे. साध्या वेगाच्या तिकिटाने व्हिसा जात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण 2025च्या वसंतात परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने हजारोंनी रद्द केल्या, आणि त्यांतल्या काहींच्या नावावर वाहतुकीच्या किरकोळ तिकिटापलीकडे काही नव्हतं, अशा बातम्या आल्या होत्या. नोंदी नंतर परत मिळाल्या, गेलेली झोप परत मिळाली नाही. शिवाय नागरिकत्वाच्या अर्जात पोलिसांनी तुम्हाला कधी तिकीट दिलं होतं का, हेही विचारतात. ज्या माणसाला अजून ग्रीन कार्डची रांग दिसलेली नाही, तो आज या प्रश्नाच्या उत्तराची तयारी करतो. कोथरूडला बेदरकार असलेला आमचा रक्तगट अटलांटिक ओलांडला की असा एकदम नेमस्त होतो, त्यामागे संस्कृती शोधू नये. इथे फार तर दोन हजार जातात. तिथे एका कागदावर सगळा संसार उभा असतो.

याच वेळी व्हर्जिनियातल्या एका आतेभावाने स्वतःची कथा सांगून सगळ्यांची उरलीसुरली झोप उडवली. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा 20 मैल जास्त, किंवा मर्यादा कितीही असो 85च्या वर गेलात, तर ते नुसतं तिकीट नसतं. तो फौजदारी गुन्हा. बारा महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. तिथे वकील करावा का हा प्रश्न विचारणाऱ्यालाच आधी वकील मिळायला हवा. भाचा 18 मैलांनी जास्त होता आणि तोही न्यू जर्सीत. दोन मैल आणि दोन-तीन राज्यं यांच्या आडोशाला तो सुरक्षित होता. पण 'कैद' हा शब्द एकदा ग्रुपवर आल्यावर ताईने उपास धरला.

आता हिशेब. भाच्याने 'एनजेएमसीडायरेक्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन मुकाट्याने पैसे भरले असते, तर शंभर डॉलरच्या आसपास काम झालं असतं. पण पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल, आणि गुन्हा कबूल म्हणजे चार पॉइंट. पॉइंट विमा कंपनीला दिसतात आणि मग विमा कंपनी पुढची तीन वर्षं तुम्हाला आठवणीत ठेवते. वकिलाची एकरकमी फी चारशे डॉलर. मला विचाराल तर 35च्या रस्त्यावर 40-45ने जाताना पहिल्यांदा सापडलेल्या माणसाने वकिलाच्या भानगडीत पडू नये. व्हर्जिनियात सापडलेल्याने पडावं. आमचा भाचा नेमका मधल्या पट्ट्यात होता, आणि वकिली व्यवसायाची खरी बागायत याच पट्ट्यात असते. शेवटी काकूंनी ठराव मांडला, की लग्नात घोड्यावर याच्या तिप्पट घालवले होते. तो एकमताने मंजूर झाला.

वकील मिळाला तो चोख निघाला. त्याने सरकार पक्षाकडे कागद मागितले. रडार यंत्र तपासल्याचा दाखला. पोलिसाच्या प्रशिक्षणाचा दाखला. ते यंत्र बरोबर चालतं की नाही हे पोलीस एक धातूचा नादकाटा ठोकून, त्याच्या कंपनाने पाहतो, तर त्या नादकाट्याचाही दाखला. रडारला सूर लावून घेतात हे कळल्यावर आमचे पेटी वाजवणारे नाना खूश झाले. काळी चार की काळी पाच, असंही त्यांनी विचारून घेतलं. गाडी किती वेगाने चालली होती हे मात्र वकिलाने भाच्याला विचारलं नाही. भाचा सांगायला गेला, तर त्याला थांबवलं. "ते आपल्याला नकोय."

सगळे दाखले व्यवस्थित आले. तरी वकील आनंदात होता, कारण त्याला ते वापरायचेच नव्हते. त्याला करायची होती मांडवली.

न्यू जर्सीच्या कायद्यात 'असुरक्षित वाहन चालवणे' नावाचा एक गुन्हा आहे. त्याला पॉइंट शून्य. पाच वर्षांत दोनदा घेता येतो, तिसऱ्यांदा घेतलात तर पॉइंट लागतात. सरकारी वकिलाने भरधाव मागे घ्यायचं आणि आरोपीने हे उचलायचं. फक्त याची किंमत जास्त. पहिल्या वेळी दंड 50 ते 150 डॉलर, त्यावर कोर्टखर्च, आणि त्यावर राज्याचा 250 डॉलरचा खास अधिभार. म्हणजे मूळ गुन्हा शंभरात, आणि त्याहून हलका गुन्हा चारशेच्या आसपास. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात 'घेतलेला माल बदलून मिळणार नाही' अशी पाटी असते. तिथे गुन्हा बदलून मिळतो, वरचे पैसे भरले की झालं. सरकार खूश, वकील खूश, आरोपी खूश. नाखूश फक्त विमा कंपनी, आणि तिच्यासाठी आजवर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं नाही.

सुनावणी ऑनलाइन होती. कोविडनंतर तिथल्या गावकोर्टांची किरकोळ कामं अशीच चालतात. भाचा वर टाय, खाली पायजमा अशा वेशात बसला होता. त्याच्या आधी एका प्लंबरचा नंबर होता. तो व्हॅनमध्ये बसून बोलत होता आणि त्याने वकील केलेला नव्हता. सरकारी वकिलाने त्याची जुनी नोंद पाहिली, ती कोरी होती. "असुरक्षित घेणार का?" प्लंबर म्हणाला, "घेतो." त्याचं काम दोन मिनिटांत उरकलं. भाच्याच्या वकिलाने घसा साफ केला, आपल्या अशिलाची निष्कलंक कारकीर्द, त्याचं शिक्षण, समाजातलं त्याचं स्थान यांवर चार वाक्यं बोलला, आणि त्यालाही तेच मिळालं.

मग न्यायाधीशांनी नियमाप्रमाणे विचारलं. आपण स्वखुशीने कबुली देत आहात का? त्या दिवशी माणसांना किंवा मालमत्तेला धोका पोचू शकेल अशा असुरक्षित रीतीने आपण गाडी चालवत होतात का? ऐकायला हे मूळ गुन्ह्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे. 53 मैल म्हणजे नुसता आकडा, हे तर जवळजवळ मनुष्यवध. पण वकिलाने आदल्या रात्री तालीम घेतली होती. भाच्याने शपथेवर सांगितलं, "येस, युअर ऑनर." ताईने हे ग्रुपवर वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पोराने धोका निर्माण केल्याचं कोर्टात कबूल केलं, आता काळजी नाही.

भाचा उत्सुकतेपोटी आणखी थोडा वेळ ऑनलाइन बसून राहिला. एकामागून एक माणसं पडद्यावर येत होती. कोणी 48ला सापडलेलं, कोणी 60ला, एक आजोबा शाळेच्या हद्दीत. सरकारी वकील विचारत होता, ते घेत होते. तास संपला तेव्हा कोर्टाच्या दप्तरी त्या गावात भरधाव गाडी चालवणारा एकही माणूस उरला नव्हता. सगळे असुरक्षित होते, आणि झुडपामागच्या पोलिसाने काय पकडलं होतं हे कोणी त्याला विचारायला गेलं नाही.

अप्पांनी हा सगळा वृत्तांत दोनदा वाचला. मग त्यांनी खासगीत भाच्याला विचारलं, की त्या सरकारी वकिलाची पुण्याला बदली करून घ्यायची झाली तर अर्ज कोणाकडे करायचा.